तुकडेजोड

कपाटभर व्हीसीडी आणि डीव्हीडी संगणकात उतरवून, एकाच चित्रपटाच्या दोन-तीन चकत्यांचा सलग एक चित्रपट करून, त्याला नाव, साल आणि पोस्टर लावून ठेवणारा गृहस्थ शिरोळ तालुक्यात ‘सीडीवाले आण्णा’ म्हणून ओळखला जातो. चकती व्हीसीडी असो, डीव्हीडी असो की पुतणीच्या लग्नाचे शूटिंग असो, तालुक्यात ती सीडीच. आण्णांचे वय पंचावन्नच्या पुढे, नोकरी संपलेली किंवा संपत आलेली, मुलगा पुण्यात, ऊस भावाच्या ताब्यात आणि दुपार मोकळी. शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड अशा तिन्ही ठिकाणी हा प्रकार सापडतो. नदीकाठच्या गावांत तो जरा जास्त चिवट असतो, त्याचे कारण पुढे येईल. स्त्रियांमध्ये तो आढळत नाही. त्यांना चित्रपट पाहायचा असतो.

या छंदाचे मूळ चकतीच्या मापात आहे. १९९३ मध्ये व्हीसीडीचे प्रमाण ठरले तेव्हा एका चकतीत ७४ मिनिटांचे चित्र मावत असे. सव्वादोन तासांच्या मराठी चित्रपटाला दोन चकत्या लागत, तीन तासांच्या हिंदीला तीन. ‘लगान’ २२४ मिनिटांचा, ‘एलओसी कारगिल’ २५५ मिनिटांचा. असले चित्रपट आणायला पिशवी घेऊनच जावे लागे. मध्यंतर कुठे घ्यायचे ते दिग्दर्शक ठरवतो, पण चकती तिची जागा संपली की संपते. त्यामुळे गाणे कडव्यात तुटे, खलनायकाचा उगारलेला हात तसाच राही आणि पुढची चकती घालेपर्यंत नायिकेचे काय झाले हे कोणालाच कळत नसे. उठून चकती बदलायचे काम घरातल्या सर्वांत धाकट्याचे. तेवढ्यात शेजारच्या काकू भाजीला फोडणी देऊन येत. तालुक्यातली एक अख्खी पिढी अजून चित्रपटाची गोष्ट सांगताना ‘इंटरव्हलनंतर’ म्हणत नाही, ‘दुसऱ्या सीडीत’ म्हणते. बाकीच्यांनी ही तूट सोसली आणि सोडून दिली. आण्णांच्या मनात तिने घर केले.

पुढे डीव्हीडी आली. एका थरात ४.७ जीबी, दोन थरांत ८.५ जीबी, म्हणजे अख्खा चित्रपट एका चकतीत. इथे प्रश्न संपायला हवा होता. पण २००७ मध्ये कोऱ्या चकत्या बनवणारी मोझर बेअर कंपनी चित्रपटांच्या धंद्यात उतरली आणि तिने व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. तोवर भाड्याने आणलेली चकती दुसऱ्या दिवशी परत करावी लागे. आता ती विकतच घेणे परवडू लागले. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला गेलेला माणूस पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी घेऊन येई, आण्णा त्यात दोन सीडी वाढवून आणत. ऊसबिल जमा झाल्याच्या आठवड्यात हा आकडा दोनावर थांबत नसे. २०१८ मध्ये त्या कंपनीची अवसायनाची प्रक्रिया सुरू झाली, दुकाने बंद पडली, नव्या लॅपटॉपमधून चकतीचा खण गेला. कपाट मात्र भरलेले राहिले. त्यात दोन चकत्यांतला एक चित्रपट होता आणि एका चकतीत कोंबलेले तीन चित्रपटही होते. कपाटाला कुलूप घालून गप्प बसणे हा एक मार्ग होता. आण्णा त्या मार्गाने गेले नाहीत.

चकती संगणकात उतरवणे हे पहिले काम. व्हीसीडी उघडली की आत एक कप्पा असतो आणि त्यात चित्राची फाइल. तिचे नाव ठरलेले, ‘एव्हीसेक ०१’. चित्रपट दादा कोंडक्यांचा असो की व्ही. शांतारामांचा, चकतीत शिरला की नाव एकच. पहिली चकती उतरवून झाल्यावर आण्णा त्याच फोल्डरमध्ये दुसरी उतरवतात. संगणक विचारतो, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? आण्णा आयुष्यभर साहेबांना होय म्हणत आलेले असतात. ते इथेही होय म्हणतात. अशा रीतीने चित्रपटाचा पूर्वार्ध उत्तरार्धाखाली गडप होतो आणि अर्धा तास पुन्हा जातो. भारनियमनाच्या दिवसांत तो दीड तास होई, कारण नव्वद टक्क्यांवर वीज जायची.

डीव्हीडीचा मामला वेगळा. तिला कुलूप असते. हे कुलूप १९९९ मध्ये नॉर्वेतल्या जॉन लेक योहानसन या शाळकरी पोराने साथीदारांबरोबर उघडले, त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो सुटला. हा इतिहास आण्णांना तारीखवार पाठ असतो. घरातल्यांचे वाढदिवस नसतात. कुलूप उघडून आत पाहिल्यावर मात्र त्यांना धक्का बसतो. चकती एक असली तरी चित्रपट आत जास्तीत जास्त एकेक जीबीच्या तुकड्यांत पडलेला असतो. म्हणजे जो सलग समजून विकत घेतला तोही मुळात तुटकाच. या शोधानंतर बरेच आण्णा दोन दिवस कोणाशी नीट बोलत नाहीत.

उतरवण्यात दोन पंथ आहेत. एक पंथ चकतीत जे आहे ते जसेच्या तसे ठेवतो. त्यासाठी मेकएमकेव्ही वापरतो. दुसरा हँडब्रेक वापरून चित्र आटवतो, म्हणजे आठ जीबीचे दीड-दोन जीबी करतो. जसेच्या तसेवाल्यांची एक टीबीची हार्ड डिस्क शंभर-सव्वाशे भरगच्च डीव्हीडींत भरते आणि त्यांना दुसरी घ्यावी लागते. आटवणाऱ्यांची भरत नाही, पण पावसाच्या दृश्यात त्यांना ठिगळे दिसतात. दोन्ही पंथांचे आण्णा जयसिंगपूरच्या स्टेशनवर भेटले की गाडी सुटेपर्यंत वाद चालतो. वादाचा विषय असलेला चित्रपट दोघांनीही गेल्या दहा वर्षांत पाहिलेला नसतो.

मग येते जोडणी. हेच मुख्य प्रकरण. महसूल खात्यात १९४७ पासून जमिनीच्या तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा आहे. लोक त्याला तुकडेबंदी-तुकडेजोड म्हणतात. आण्णांनी तो चित्रपटाला लागू केला आहे. जोडणीची पद्धत आण्णांच्या जुन्या नोकरीवरून ओळखता येते. साखर कारखान्याच्या केन यार्डात ज्यांचे आयुष्य गेले ते चकत्यांना आवकेच्या क्रमाने नंबर देतात. काट्यावर जी गाडी आधी आली ती आधी; ‘पिंजरा’चा पहिला भाग ४१ आणि दुसरा, मेव्हण्याकडून उशिरा परत आल्यामुळे, ३०७. निवृत्त गुरुजी हजेरीपटाप्रमाणे अकारविल्हे लावतात आणि ‘श्र’ कुठे घालायचा यावर अडतात. सोसायटीचे सचिव प्रत्येक चित्रपटाच्या दोन नोंदी करतात, एक किर्दीत आणि एक खतावणीत, आणि त्या दोन्ही मार्चअखेर जुळवतात. सर्वांत चोख व्यवस्था तलाठ्याची. त्याच्याकडे चित्रपट म्हणजे गट नंबर आणि चकती म्हणजे पोटहिस्सा: २१४/१, २१४/२. कोणता भाग कोणाच्या कब्जात आहे तेही इतर हक्कांत लिहिलेले असते.

गंमत अशी की संगणकाला यातली तलाठ्याचीच रीत कळते. घरगुती चित्रपट-भांडारासाठी जे प्रोग्रॅम वापरतात त्यांतला कोडी हा जुना. मूळ एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी तो निघाला, एक्सबीएमसी नावाने वाढला आणि २०१४ मध्ये त्याचे नाव कोडी झाले. प्लेक्स हा दुसरा. दोघांचीही अपेक्षा साधी आहे. चित्रपटाचे नाव, कंसात साल आणि शेवटी ‘सीडी१’, ‘सीडी२’ असा शेपटा. शेपटा सोडून बाकीचे नाव दोन्ही फायलींत अक्षर न् अक्षर सारखे हवे. तेवढे पाळले की प्रोग्रॅम दोन्ही भाग एकच चित्रपट म्हणून दाखवतो आणि एकामागून एक लावतो, कोणाला उठावे लागत नाही. एका नावात ‘बनवाबनवी’ आणि दुसऱ्यात ‘बनवा बनवी’ असे झाले की पडद्यावर दोन चित्रपट उभे राहतात. अशी एकेक मोकळी जागा शोधण्यात आण्णांची दुपार जाते. मुलाने फोनवर सांगितलेले असते, “आण्णा, फाइल जोडायची गरजच न्हाई, नाव तेवढं नीट द्या.” आण्णा नाव नीट देतात आणि फाइलही जोडतात. शेपटा लावून एकत्र दिसणे त्यांना मान्य नाही. हद्दीची खूण राहता कामा नये.

कंसातले साल का हवे, हे ‘श्यामची आई’ शिकवते. आचार्य अत्र्यांची १९५३ची आणि नंतरची २०२३ची. साल नसेल तर प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या माहितीकोशाला विचारतो आणि त्याला आधी जे सापडेल ते पोस्टर डकवतो. त्या कोशांत मराठी चित्रपटांची माहिती विरळ, नावे रोमन लिपीत आणि स्पेलिंग ज्याने त्याने आपल्या मनाने केलेले. मग ‘सामना’ शोधावा आणि भलत्याच देशातला भलताच चित्रपट पुढे यावा, असे घडते. आण्णा तेव्हा हातानेच माहिती भरतात आणि भरताना पदरचे चार शब्द घालतात. कथासार लिहायच्या जागी ‘कोल्हापूरच्या मातीतला चित्रपट’ एवढेच वाक्य पन्नास ठिकाणी सापडते.

कोल्हापूर हा त्यांचा हळवा कप्पा आहे आणि त्याला आधारही आहे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापूरची. प्रभात १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. हे जाणे आण्णांनी अजून माफ केलेले नाही. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित झाला. हे दोन चित्रपट मानायचे की एकाचे दोन भाग, हा प्रश्न आण्णांनी तीन वेळा सोडवला आहे आणि तिन्ही उत्तरे वेगळी आहेत. याच कप्प्यात ‘सावकारी पाश (१९२५)’ नावाचे फोल्डर असते. त्या मूकपटाची प्रत काही हाती लागत नाही, त्यामुळे आत काहीच नाही. फोल्डर मात्र पोस्टरसकट तयार आहे. भांडारातले सगळ्यांत व्यवस्थित फोल्डर तेच.

लांबलचक संच ही वेगळी परीक्षा. बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ ९४ भागांचे, १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर झालेले. आण्णा ते डिस्कवर घेतात, भागांना १ ते ९४ आकडे देतात आणि पेनड्राइव्हमधून दिवाणखान्यातल्या जुन्या टीव्हीला लावतात. कोडीला आकडे कळतात. जुन्या टीव्हीला फक्त अक्षरे कळतात. तो १ नंतर १० दाखवतो, मग ११, १९ पर्यंत जाऊन मागे वळून २. नवव्या भागानंतर थेट नव्वदावा लागतो आणि पांडव मोठे होण्याआधीच युद्ध आवरत आलेले असते. एकट्या आकड्याआधी शून्य लावावे, ०१, ०२ असे, हा उपाय आहे. तो सापडेपर्यंत घरातल्या म्हाताऱ्या आईंनी त्याच क्रमाने अर्धे महाभारत पाहिलेले असते, आणि विचारले तर त्या म्हणतात, “कळतंय की. देवाच्या गोष्टीला मागचं-पुढचं कशाला?”

खास आवृत्त्यांमधली दुसरी चकती हा सापळाच असतो. तिच्यात चित्रपटाचा पुढचा भाग नसतो. मुलाखती, गाळलेली दृश्ये, चित्रीकरणाची हकिकत असते. ‘लगान’वर सत्यजित भटकळांनी ‘चले चलो’ हा माहितीपटच केला, तशातले. आण्णांच्या नियमाप्रमाणे दुसरी चकती म्हणजे ‘सीडी२’. मग सामना जिंकून पाऊस पडतो आणि पुढच्याच क्षणी नायक खुर्चीत बसून इंग्रजीत बोलू लागतो. एका घरात हा शेवट सगळ्यांना आवडल्याचेही सांगतात. कोडी आणि प्लेक्स दोघेही अशा ऐवजासाठी वेगळी जागा देतात, पण आण्णांना पुरवणीची कल्पना पसंत नाही. चकत्या दोन, चित्रपट एक, जोडायच्या.

सर्वांत दुःखद वर्ग अर्ध्या चित्रपटांचा. व्हीसीडी उसनी नेणारा माणूस पहिली चकती पाहतो, परत करतो आणि दुसरी ठेवून घेतो, किंवा उलट. सासुरवाडी, बहिणीचे घर, निपाणीचे साडू अशा मार्गांनी भाग पांगलेले असतात. आण्णांच्या डिस्कवर ‘अपूर्ण’ नावाचा कप्पा असतो आणि त्याची यादी खिशात. लग्नाच्या मांडवात अक्षता पडल्या की ते पाहुण्यांत फिरतात. मुलीकडच्यांना वाटते, कुठल्या स्थळाची चौकशी चालली आहे. आण्णा विचारतात, “तुमच्यात ‘माहेरची साडी’चा पहिला भाग हाय का? आमच्यात नुसता दुसरा हाय.” कधीकधी मिळतोही. १९९१चा तो चित्रपट घरोघर पोचलेला असल्याने त्याचे भाग सर्वांत जास्त पांगले आणि सर्वांत लवकर जुळले.

नदीकाठचा प्रकार चिवट का, त्याचे कारण कृष्णा आणि पंचगंगा. या दोघींचा संगम नरसोबाच्या वाडीला होतो. वाडीच्या दत्तमंदिरात उत्तरेकडून आलेले पाणी पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडू लागले की भाविक दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला धावतात. तेच पाणी आणखी चढले की गाव हलवावे लागते. २००५, २०१९ आणि २०२१ ही साले तालुक्यात कोणाला सांगावी लागत नाहीत. २०१९च्या पुरात चकत्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होत्या. पाणी ओसरल्यावर आण्णांनी त्या बादलीत बुडवून चिखल धुतला आणि अंगणात दोरीवर वाळत घातल्या. तेव्हा एक शास्त्रीय सत्य उघड झाले. व्हीसीडीचा चंदेरी थर वरच्या बाजूला नुसत्या लाखेच्या आणि छपाईच्या आवरणाखाली असतो. ते सोलले की चित्रपटही सोलून निघतो. डीव्हीडीचा थर दोन प्लास्टिकच्या पातळ चकत्यांमध्ये, प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या, दडलेला असतो. म्हणून डीव्हीडी वाचल्या. पण वेष्टनांचा लगदा झालेला आणि घरी भरलेल्या चकत्यांवरची पेनाची अक्षरे गेलेली. कोणता पहिला आणि कोणता दुसरा हे लावून पाहिल्याशिवाय कळेना. बहुतेक नदीकाठच्या आण्णांनी जोडणी गांभीर्याने घेतली ती तेव्हापासून.

आता व्यवस्था पक्की आहे. पंचगंगेने कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की आण्णा हार्ड डिस्क काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालतात. ४३ फूट, म्हणजे धोका पातळी आली, की ती सातबाऱ्याच्या आणि सोन्याच्या पिशवीत जाते. काही घरांत यावर मालकिणीशी बोलणे होते. ती म्हणते, “अहो, त्यात म्हशीचं इन्शुरन्सचं कागद ठेवा आधी.” कागदही ठेवले जातात, डिस्कच्या खाली.

कायद्याबाबत आण्णा सावध असतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असले कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. आण्णांचे म्हणणे असे की चकती स्वतःची, पावती जपलेली, पाहणार घरचेच, तेव्हा हेतू शुद्ध. हा युक्तिवाद मेव्हणा पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा राहीपर्यंत टिकतो.

मेव्हण्याचा पेनड्राइव्ह आणखी एका कारणाने क्लेशकारक आहे. तो बहुधा फॅट ३२ या जुन्या मांडणीचा असतो आणि त्या मांडणीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही. आण्णांनी आठवडा घालवून जोडलेला साडेसहा जीबीचा चित्रपट त्यात मावत नाही. पेनड्राइव्हची मांडणी बदलता येते. पण त्यासाठी त्यावरचे सगळे पुसावे लागते आणि त्यावर मेव्हण्याच्या मुलीचे बारशाचे फोटो असतात. मग आण्णा स्वतःच्या हाताने चित्रपटाचे दोन तुकडे करतात, नावांना ‘सीडी१’ आणि ‘सीडी२’ असे शेपटे लावतात आणि दार लावून घेतात. मेव्हणा तिसऱ्या दिवशी सांगतो की दुसरा भाग उघडतच नाही.

पुण्याच्या मुलाचा आक्षेप सर्वांत साधा असतो. यातले निम्मे चित्रपट यूट्यूबवर फुकट आहेत. आण्णा ते तपासतात आणि खरे निघते. त्यावर त्यांचे उत्तर, “तिथं मधी जाहिरात येती.” हे उत्तर घरात कोणाला खोडता आलेले नाही.

प्रत्यक्ष चित्रपट पाहणे हा या छंदाचा लहान भाग आहे. रविवारी रात्री जेवणे झाली की आण्णा नवीन जोडलेला चित्रपट लावतात. पहिला तास ते बैठकीत बसत नाहीत, ये-जा करतात, कारण पहिला तास कोणालाही नीट करता येतो. साधारण सत्तराव्या मिनिटाला ते खुर्ची पुढे ओढतात, आवाज वाढवतात आणि पंखा बंद करायला लावतात. जुन्या चकतीची हद्द येते. कडवे न तुटता पुढे सरकते, उगारलेला हात खाली येतो, ओठ आणि आवाज बरोबर चालतात. आण्णा आणखी दोन मिनिटे थांबून खात्री करतात, वहीत त्या नंबरापुढे ‘जोडले’ अशी खूण करतात आणि झोपायला जातात. उरलेला चित्रपट घरातली मंडळी पाहतात.